तीन आरोळ्यांचा पाव

"मागं सरा! मागं सरा! मागं सरा!"

रविवारी अकराच्या सुमाराला ही आरोळी उठली की आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जी कोणी असेल ती हातातलं काम टाकून भिंतीला पाठ लावायची. आरोळी आमच्या स्वयंपाकाच्या बाईची होती, पण गड्यांच्या घोळक्यातून यावी तशी यायची. गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवाला ती ऐकून हातातली इस्त्री वर उचलून धरायचा, असं तो स्वतःच सांगे. तिसरी आरोळी संपली की ती लोखंडी कढईच्या दोन्ही कानांना फडकी लावायची, कढई शेगडीवरून उचलायची आणि फसफसणारा तांबडा गूळ पावाच्या जाड कापांवर ओतायची. मग गुळात परतलेली केळी त्यावर पडायची. आवाज यायचा तो एखाद्याला चाबूक मारल्यासारखा. वास यायचा तो असा, की भिंतीला चिकटलेल्या मुली पुन्हा ओट्याकडे ओढल्या जायच्या.

"थांबा की! जीब भाजंल. गूळ थंड दिसतोय म्हणून थंड नसतोय."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत नोकरदार मुलींचं ते वसतिगृह होतं. नव्वदनंतरची ही गोष्ट. मी तिथली व्यवस्थापिका होते. कामाची यादी केल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, आजही नाही. स्वयंपाकाला बाई ठेवायची तेव्हाही मी विचारायचे प्रश्न लिहून ठेवले होते. आधी कुठे काम केलं, सुट्ट्या किती लागतात, तिखट किती घालता. तिने एकाही प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही.

"म्याडम, इचारत बसण्यापेक्षा एक डाव खाऊन बगा की. न्हाय आवडलं तर हाकला."

आम्ही खाल्लं. हाकलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सोबत मुलगी होती, मंगल, सहावीत की सातवीत. भांडारघराशेजारची खोली दोघींना दिली. मुली तिला मावशी म्हणू लागल्या.

तुम्ही खूप माणसांना स्वयंपाक करताना पाहिलं असेल. मी हिच्यासारखं कुणाला पाहिलं नाही. ती स्वयंपाक करायची नाही, स्वयंपाकाशी मारामारी करायची. नारळ पायरीवर एका घावात फुटायचा. गुळाची ढेप पोत्यात घालून ती वरवंट्याने अशी ठेचायची की वरच्या मजल्यावरच्या मुली उठून बसायच्या. भाकरी थापताना परात हलायची. कांद्यावर तर ती बुक्की मारायची, आणि बुक्की मारताना तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिवी घालायची. ती शिवी कुणाला हे आम्हाला पुढे कळलं.

माणसांशीही तेच. दूधवाला राधानगरी धरणाकडचा होता. एकदा दूध फारच पातळ आलं. तिने बोट बुडवून पाहिलं आणि शांतपणे अख्खी चरवी त्याच्या डोक्यावर उपडी केली.

"धरणाचं पाणी आमाला नळातनं येतंय. ते तू डोक्यावर घिऊन कशाला येतोस?"

समोरच्या पानपट्टीवर उभा राहून मुलींना शिट्ट्या मारणारा एक होता. मी तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला होता. तो पूर्ण होण्याआधीच खिडकीतून पितळी पळी गेली आणि त्याचं कपाळ फुटलं. टाके पडले. दुपारी त्याची आई पदर खोचून भांडायला आली.

"माज्या पोराचं डोस्कं फोडलं तुमच्या बाईनं!"

"एकच बाजू फोडलीया. पोराला घिऊन या, दुसरी ऱ्हायलीय," आतून उत्तर आलं.

पळी का गेली हे कळल्यावर त्या माउलीने घरी जाऊन आपली चप्पल काढली, आणि पुढचा कार्यक्रम सगळ्या गल्लीने पाहिला. पळी वाकली ती कायमची. मावशीने ती टाकली नाही, त्याच वाकड्या पळीने आमटी वाढत राहिली.

फक्त मंगलवर तिचा हात कधी उठला नाही. सगळं ठेचून, फोडून, आपटून झालं की त्याच हातांनी ती लेकीची वेणी घालायची. तेव्हा तिची बोटं अगदी हळू चालायची. दोन बोटं वाकडी होती, त्यांनाही सांभाळून.

उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत चकचकीत होता, मेणबत्ती वितळून पुन्हा गोठावी तसा. एकदा हरभरे निवडताना तिने आपण होऊन सांगितलं. तिचे वडील गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळात गूळ कधी तयार झाला हे ठरवणारा माणूस. उसाचा रस काहिलीत, त्या भल्या मोठ्या पसरट कढईत, उकळून उकळून घट्ट होतो. काहील चुलाणावरून उतरवायची वेळ आली की गुळव्याने तीनदा आरोळी द्यायची असा त्यांच्याकडचा रिवाज. पहिल्या आरोळीला हातातलं काम सोडायचं, दुसरीला वाट द्यायची, आणि तिसरीनंतर जो पुढे राहील त्याची जबाबदारी कुणावर नाही. गुऱ्हाळावरची शेंबडी पोरंसुद्धा ही आरोळी ऐकून उड्या मारून बाजूला होतात.

"एक दिवस आबा पिऊन आलता. आरोळी द्याय इसरला. काहील कलली. माजा थोरला भाऊ म्होरंच हुता."

ती हरभरे निवडत राहिली.

"मी त्येला वडाय हात घातला. हात माजा ऱ्हायला, भाऊ न्हाय ऱ्हायला. तवापासनं म्याडम, गूळ वतताना मी आरोळी देत्या. घरात एकटी असलो तरी देत्या."

त्या पावाची सुरुवात मात्र एका बँकेतल्या मुलीमुळे झाली. ती बदली होऊन मुंबईहून आली होती. रविवारी मुली उशिरा उठायच्या. नाश्ता कुणाला नको असायचा आणि जेवण लवकर हवं असायचं. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे रविवारी ब्रंच करतात. साखर जाळून, त्यात फळं परतून, टोस्टवर घालतात." एका मासिकातलं चित्रही तिने दाखवलं.

मावशीने चित्र लांब धरून पाहिलं. "सकाळचं न्हाय, दुपारचं न्हाय. म्हंजे मधलंच काय तरी. आणि साखर कशाला जाळायची? कोल्हापुरात ऱ्हाऊन साखर जाळाय आमचं काय डोस्कं फिरलंय?"

पुढच्या रविवारी बेकरीतून मोठा ब्रेड आला. मावशीने जाड काप तव्यावर लोणी लावून कडक भाजले. कढईत तूप आणि ठेचलेला गूळ घातला. तो जळायच्या किंचित अलीकडे, रंग मधाचा सोडून विटकरी होऊ लागला की त्यात उभी चिरलेली केळी. कधी चिकू, कधी अननस. वरून चिमूटभर मीठ आणि वेलदोडा. पहिला घास घेतल्यावर बँकेतल्या मुलीने मासिक मिटलं आणि ताट पुन्हा पुढे केलं. मुलींनी त्या पदार्थाचं नावच 'मागं सरा' ठेवलं. शनिवारी बाजाराची यादी करताना मी विचारायचे, "उद्या काय?" आणि वरून एका सुरात उत्तर यायचं, "मागं सरा!"

मंगल दहावीत गेली त्या वर्षी तिचा बाप उगवला. कांद्यावरची शिवी याच्याच नावाची होती.

माणूस शाहूवाडीकडचा, ट्रकवर क्लीनर, महिन्यातून दोन दिवस घरी असायचा. मावशी त्याला सोडून आली होती, त्याला कारण ती दोन वाकडी बोटं. ती त्याने दारात घालून मोडली होती. ऑफिसात आला तेव्हा मात्र हात जोडून उभा. "लेकीचं लगीन ठरवलंय, म्याडम. चांगलं स्थळ हाय." स्थळ म्हणजे त्याच्या गावचा एक बिजवर, याच्याच वयाचा. त्याची जीप होती, आणि जीपवर सासऱ्याला ड्रायव्हर ठेवायचं बोलणं झालं होतं. मंगल पंधरा वर्षांची होती.

बोलणं ऐकून मावशी बाहेर आली. तिने त्याच्या थोबाडात मारली. पुढे जे झालं ते फार पटकन झालं. त्याने केस धरून तिला बाहेर ओढलं आणि तिचं डोकं लोखंडी फाटकावर आपटलं. पुन्हा आपटलं. आवाज ऐकून मुली धावल्या. कुणी बादली, कुणी बॅडमिंटनची रॅकेट, कुणी कपडे धुण्याचं धोपाटणं. त्याला गल्लीच्या टोकापर्यंत बडवत नेला. जाताना तो ओरडून सांगत होता, "पोरगी माजी हाय! न्हेणार म्हंजे न्हेणार!"

मी लगेच कामाला लागले. पोलिसांत तक्रार, फाटकाला नवीन कुलूप, मंगलने शाळेत एकटीने जायचं नाही, मुलींनी पाळी लावून तिला सोडायचं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि नवरा-बायकोचं भांडण आहे म्हणून ठेवून दिली.

मावशीने कपाळाच्या जखमेत हळद भरली आणि संध्याकाळच्या भाकऱ्या थापल्या. रक्त भुवईवर वाळलं होतं.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"पोरगीची परीक्षा मार्चात हाय म्याडम. तवर मला काय हुत न्हाय. तिनं पेपर द्याचाय, बास."

तिला तेवढंच हवं होतं. लेकीने दहावीचा पेपर द्यावा, त्या जीपमध्ये बसू नये. त्यापुढचं तिने कधी काही मागितलं नाही.

परीक्षेच्या थोडं आधीचा एक रविवार. मुली खालच्या सभागृहात बसल्या होत्या. मी ताटं मोजून द्यायला स्वयंपाकघरात आले होते. मंगल ओट्यापाशी केळी सोलत होती. कढईत गूळ फुगत होता, रंग बदलायला लागला होता. मागच्या बाजूला कपडे वाळत घालायचं अंगण होतं, त्याची भिंत कमरेएवढी. त्या भिंतीवरून तो आत आला. हातात ऊस तोडायचा कोयता होता.

त्याने मंगलची वेणी पकडली आणि मनगटाला गुंडाळली. मंगल किंचाळली. तो तिला दाराकडे फरफटू लागला, तिचे पाय फरशीवर घासत होते. मी पुढे झाले तर त्याने कोयता माझ्या तोंडासमोरून फिरवला. वारा गालाला लागला.

मावशीने तोवर कढईच्या कानांना फडकी लावली होती.

"मागं सरा!"

नवऱ्याला ती एरवी अरे-तुरे करायची. आरोळी मात्र जशी असते तशीच दिली. मी भिंतीला चिकटले, सवयीने. आणि मंगलने, जिने ही आरोळी पाळण्यातून ऐकली होती, बापाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. वेणी सुटली तशी ती ओट्याखाली घुसली.

"मागं सरा!"

तो हसला. खरंच हसला, दात दिसले. "आता गं? आता घाबरलीस व्हय?" असं म्हणत तो मागे सरायच्या ऐवजी पुढे आला आणि कोयता हाणला. तो तिच्या डाव्या खांद्यात बसला. हाड वाजलेलं मी ऐकलं. तिच्या पातळावर रक्ताचा डाग उमटला आणि बघता बघता कमरेपर्यंत उतरला. कढई हातात हलली, पण तिने ती सोडली नाही. त्याने कोयता उपसला आणि ओट्याकडे वळला. ओट्याखाली लेक होती.

"मागं सरा!"

आणि तिने ओतलं.

त्याचा आवाज मी लिहिणार नाही. पाण्याने भाजलं तर पाणी ओघळून जातं. गूळ ओघळत नाही. तो हातांनी ओरबाडू लागला तसा हातांनाही चिकटला. कोयता फरशीवर पडून फिरत राहिला. स्वयंपाकघरात दर रविवारचाच गोड वास होता आणि त्यात दुसरा वास मिसळत होता. सभागृहातल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तीन आरोळ्या ऐकल्या होत्या, त्या पाव खायला आल्या होत्या. मावशी कढई बाजूला ठेवून खाली बसली आणि ओट्याखाली हात घालून म्हणाली, "भाईर ये गं मंगे. झालं."

ती मग आडवी झाली. आम्ही दोघांनाही सरकारी दवाखान्यात नेलं, दोन वेगळ्या रिक्षांतून.

जबाब घ्यायला आलेला हवालदार जाडजूड, कंटाळलेला. काय झालं ते मी क्रमाने सांगत होते, तो न बघता लिहीत होता. आरोळीपाशी आल्यावर त्याचं पेन थांबलं.

"काय म्हणाली?"

"मागं सरा."

"किती डाव?"

"तीन."

त्याने टोपी काढली. "आमचं गुऱ्हाळ हुतं," तो म्हणाला. "आणि त्यो काय करत हुता?"

"हसत होता. त्याला वाटलं, ती घाबरून ओरडतेय."

"कुठला म्हणायचा ह्यो?"

"शाहूवाडीकडचा."

"भाताकडचा. तिकडं गुऱ्हाळ कुठलं? तरीच." हवालदाराने मान हलवली. "आमच्याकडं तिसऱ्या आरोळीला बैल बी हलतोय हो."

मग त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहून घेतलं, या खेपेला नीट.

खटला चालला. मावशीला जामीन मिळाला, खांद्याला टाके पडले, डावा हात पुढे कधी पुरता वर गेला नाही. खटला उभा राहायच्या आधीच मार्च आला. मंगलला परीक्षेला मी घेऊन गेले. पहिल्या पेपराच्या दिवशी मावशी दवाखान्याच्या खाटेवर बसून होती. तिने एका हाताने वेणी घालायचा प्रयत्न केला, जमेना, तर शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाईला दरडावलं, "ए बाई, तिकडनं धर की जरा!" त्या बाईने निमूट धरलं. दोघींनी मिळून वेणी घातली.

कोर्टात विरुद्ध बाजूचा वकील हुशार होता. म्हणाला, "तुम्ही घाबरलात, म्हणून ओरडलात. बरोबर?"

"घाबरून न्हाय, साहेब. आरोळी द्याय लागती."

"का द्यावी लागते?"

"म्होरच्याला कळाय नको? त्येला बाजूला व्हायचा वकत मिळाय नको?"

"म्हणजे त्याने बाजूला व्हावं असं तुम्हाला वाटत होतं?"

बाकावर नवरा बसला होता, टॉवेल तोंडावरून घेऊन, एक डोळा तेवढा उघडा. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "तीन डाव वाटलं."

ती सुटली. स्वसंरक्षण मान्य झालं. आम्ही सगळ्या रडत होतो, आणि तिने आमच्या वकिलाला पहिला प्रश्न विचारला, "माजी कढई?" कढई पुरावा म्हणून लाखेचं सील मारून कोर्टात जमा होती. ती परत मिळवायला मी अर्ज केले आणि कढई आणली. तळाला काळा, काचेसारखा गूळ तसाच होता. मावशीने ती दुपारभर राखेने घासली.

नवरा पुन्हा आला नाही. मंगल पास झाली, पुढे शिकली, डी.एड. झाली. या सगळ्या काळात मावशी आमच्याकडेच होती. नारळ तसेच फुटत होते, परात तशीच हलत होती. फक्त रविवारचा पाव तिने पुन्हा केला नाही. नवीन मुली जुन्यांकडून ऐकून मागायच्या.

"पोहे करत्या," ती म्हणायची. "गप खावा."

चंदगड तालुक्यात मंगलला शाळेत नोकरी लागली आणि मावशी तिच्याबरोबर गेली. जाताना एसटीच्या टपावर ट्रंक चढवणाऱ्या हमालाशी भांडली, ट्रंक आपटली म्हणून. कढई मात्र तिने मांडीवर घेतली होती. खिडकीतून मला म्हणाली, "म्याडम, याद्या कमी करा आणि खावा जरा. हाडं दिसायलीत." गाडी सुटली तरी ती कंडक्टरला काहीतरी सुनावत होती.

दोन हजारनंतर काही वर्षांनी मंगलचं पत्र आलं. मावशी गेली होती, झोपेत. इतक्या मारामारीनंतर ती झोपेत गेली. दिवसकार्य झालं की मी येते असं कळवलं, आणि एका रविवारी सकाळी पोचले.

पाऊस पडून गेला होता. काजूच्या झाडांमधलं दोन खोल्यांचं घर. मंगल थोडी जाड झाली होती, शाळेतल्या बाईंसारखी शांत बोलत होती. तिचा नवरा त्याच शाळेत शिक्षक, चष्मा लावलेला, कडेवर दोन वर्षांची मुलगी. गावचा होता तो, तिथलाच, भाताच्या मुलखातला.

"आई म्हणायची, म्याडम आल्या की त्यांना पाव कर," मंगल म्हणाली.

ओट्यावर ती कढई होती. ब्रेडचे काप भाजले गेले, तूप पडलं, गूळ पडला, केळ्यांबरोबर मूठभर काजू पडले. मी खुर्ची ओढून दारापाशी बसले. नवरा मुलीला खेळवत ओट्याच्या कडेला उभा होता, आज आठवडी बाजारात भाजी कशी महाग होती ते मला सांगत. गुळाचा रंग बदलला. मंगलने फडकी घेतली आणि कढईच्या कानांना लावली.

आईचा आवाज तिच्याकडे नाही. तिने वळूनही पाहिलं नाही. नेहमीच्या आवाजात, वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलावं तसं, ती म्हणाली, "मागं सरा."

तो बोलत होता ते वाक्य अर्धं टाकून, मुलीचं डोकं छातीशी धरून, पहिल्याच आरोळीला मागे सरला.